डबा कुलपात गेला, बीपी मोकळंच राहिलं

पत्र थोडक्यात: इंदूरच्या राजेंद्र नगरमधून एका बाईंनी लिहिलं आहे. वय 51, बँकेत नोकरी. महिन्यापूर्वी एका रविवारी कॉलनीच्या बागेत आरोग्य शिबिर होतं. त्या पाऊण तास फिरून आल्या, घरी कॉफी घेतली आणि रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर शेजारच्या वहिनींशी गप्पा मारता मारता बाहीवरूनच पट्टा बांधून घेतला. आकडा आला 152/94. मशीनवरच्या मुलानं विचारलं, "कॉफी किती होते?" "तीन कप" म्हटल्यावर तो म्हणाला, "मग बरोबर आहे." त्या दिवशी घरात निकाल लागला. पुण्यात शिकणाऱ्या मुलानं कॉफीनं रक्तवाहिन्या आकसतात असा व्हिडिओ पाठवला. यजमानांनी कॉफीचा डबा कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली. जाऊबाईंनी कॉफीऐवजी आलं, दालचिनी, ज्येष्ठमध घालून काढा सुरू करून दिला. दुसऱ्याच दिवसापासून बाईंचं डोकं ठणकायला लागलं. बीपीच वाढलं असणार या भीतीनं त्या रोज एक, कधी दोन डोकेदुखीच्या गोळ्या घेताहेत. बीपी मात्र पुन्हा मोजलेलं नाही. वडिलांना 63व्या वर्षी अर्धांगवायू झाला होता. डॉक्टरांकडे गेल्या नाहीत, कारण "गोळी एकदा लागली की जन्माची." विचारतात: "कॉफी कायमची सोडू का? पहाटे साडेपाचला गॅलरीत कप घेऊन बसते, तो अर्धा तास एवढाच माझा असतो. सोडायचाच तर निदान खात्री करून सोडते."

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा कॉफीसाठी आणि दुसऱ्यांदा कॉफी सोडून बाकी जे लिहिलंय त्यासाठी. दुसरं वाचन जास्त कामाचं निघालं. महिनाभर तुमच्या घरात कॉफीवर खटला चालला, शिक्षाही झाली, पण बीपीकडे कुणी वळून पाहिलं नाही. 152/94 नंतर दुसरा आकडाच नाही. चार हजार लाइक्सचा व्हिडिओ आहे, काढा आहे, कुलूप आहे, आकडा नाही.

आधी शिबिराचाच आकडा घेऊ. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट, व्यायाम नको असं सांगतात, ते उगाच नाही. मोजण्याआधी लघवीला जाऊन यावं, खुर्चीत पाठ टेकून पाच मिनिटं नुसतं बसावं, पाय जमिनीला लागलेले, एकावर एक टाकलेले नाहीत. दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि तोंड बंद. बोलत राहिलं की बीपी चढतं, मूत्राशय भरलेलं असलं की चढतं, हात लोंबता ठेवला की चढलेलं दिसतं, दंडाला पट्टा लहान पडला तर मशीनच वाढवून सांगतं. तुमच्या बाबतीत फिरणं झालं, कॉफी झाली, रांग झाली, बाही झाली आणि वहिनीही झाल्या. यातल्या एकट्या कॉफीला त्या मुलानं धरलं, कारण त्यानं तेवढंच विचारलं होतं.

म्हणजे तो आकडा खोटा, तुम्हाला काही नाही, असं मात्र मी म्हणत नाहीये. 51चं वय, वडिलांचा अर्धांगवायू, आणि पाळी थांबण्याच्या आसपासचा काळ, ज्यानंतर बायकांचं बीपी चढायला लागतं. नीट मोजूनही ते जास्तच निघण्याची बरीच शक्यता आहे. म्हणून तर मोजा म्हणतेय.

आता तुमच्या मुलाच्या व्हिडिओकडे येते. पोरगं खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतंय.

आपल्या शरीरात ॲडिनोसिन नावाचा पदार्थ सतत तयार होत असतो. पेशींनी काम केलं, शक्ती खर्च झाली की तो साठत जातो. मेंदूत तो 'आता पुरे, झोप' असं सांगतो आणि बहुतेक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना 'जरा सैल हो' असं सांगतो. चहा-कॉफीतल्या कॅफिनचा रेणू याच्यासारखाच दिसतो, त्यामुळे ॲडिनोसिनची जागा अडवून बसतो. रेल्वेत रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं. सैल हो म्हणणाराच उभा राहिला की वाहिन्या थोड्या आवळतात. त्यात कॅफिननं ॲड्रिनलीनही थोडं वाढतं. अंगणात झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाण्याचा जोर वाढतो, तेवढीच ही गोष्ट. हृदयाच्या काही तपासण्यांत ॲडिनोसिन टोचून हृदयाच्या वाहिन्या मुद्दाम रुंदावतात. त्या तपासणीआधी 12 ते 24 तास चहा-कॉफी बंद ठेवायला सांगतात, कारण अंगात कॅफिन असेल तर औषध नीट लागू पडत नाही.

मेंदूत हा परिणाम सगळ्यांत ठळक. साधारण 250 मिलिग्रॅम कॅफिन एकदम घेतलं तर मेंदूचा रक्तप्रवाह पाव हिश्श्यानं कमी होतो. तुमच्या डोकेदुखीचं मूळ इथंच आहे. वर्षानुवर्षं रोज आवळून धरलेल्या वाहिन्या, एक दिवस अचानक धरणारा हात सुटला, त्या फुगल्या, डोकं ठणकलं. कॉफी बंद केल्यावर 12 ते 24 तासांत हे सुरू होतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कडेलोट होतो आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतं. चिडचीड, आळस, कामात लक्ष न लागणं, हे सगळं त्याच्याबरोबर येतं. तुम्हाला ते बीपी वाटलं. खरं तर वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, म्हणून तर ते वर्षानुवर्षं लपून राहतं.

पण तुमचं डोकं नऊ दिवसांत थांबलं नाही, महिना झाला. याचं कारण मला तुमच्याच पत्रात दिसतंय. ज्या गोळ्या तुम्ही रोज घेताय त्यांचं नाव लिहिलेलं नाही, तेव्हा पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचा. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या डोकेदुखीच्या काही गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला कॅफिन असतं, एका गोळीत 50 मिलिग्रॅमच्या आसपास. तुमची तशीच असेल, तर यजमानांनी डबा कुलपात ठेवला आणि तुम्ही गोळीतून कॉफी घेताय, रोज सुटताय आणि रोज पुन्हा धरताय. शिवाय डोकेदुखीची गोळीच रोज-रोज घेत राहिलं तर त्या गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. आणि ती आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक जातीची असेल तर ती स्वतः बीपी वाढवते, मूत्रपिंडांना पाणी-मीठ धरून ठेवायला लावते. पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा.

व्हिडिओत न सांगितलेला भाग आता सांगते. मी 26 वर्षं मेडिकलच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. दरवर्षी एका प्रॅक्टिकलला पोरं एकमेकांचं बीपी मोजायची, मग फ्लास्कमधून आणलेली कडक कॉफी प्यायची, मग दर पंधरा मिनिटांनी परत मोजायची. पाऱ्याची जुनी उपकरणं होती ती, पट्टा सोडताना फुस्स आवाज यायचा. एका वर्षी एक मुलगी होती, घरी चहासुद्धा न पिणारी. पाऊण तासात तिचं वरचं बीपी 16नं चढलं. तिच्या शेजारी बसलेला हॉस्टेलचा पोरगा दिवसाला पाच कप कॉफी रिचवणारा. त्याचा पारा जागचा हलेना. त्याला वाटलं आपलं उपकरण बिघडलंय, तीनदा बदलून आणलं त्यानं.

उपकरण ठीकच होतं. शरीर कॅफिनला काही दिवसांतच सरावतं. 2002 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी हेच काटेकोरपणे तपासलं. रोज कॉफी पिणाऱ्यांच्या मज्जातंतूंमधली धावपळ कॉफीनं वाढली, पण बीपी वाढलं नाही. न पिणाऱ्यांचं वाढलं. गंमत म्हणजे न पिणाऱ्यांचं बीपी कॅफिन काढलेल्या कॉफीनंही वाढलं, म्हणजे कपात कॅफिनशिवायही काहीतरी आहे. आणि कपात दुसऱ्या बाजूचेही साक्षीदार आहेत. कॉफीत क्लोरोजेनिक ॲसिड नावाची द्रव्यं असतात, ती वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला मऊ राहायला मदत करतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. एवढंच काय, कॅफिन स्वतःसुद्धा त्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड तयार करायला लावतं, आणि त्यानं वाहिनी सैल होते. म्हणजे एकच कप मेंदूत आवळतो, हाताच्या वाहिन्यांत कधी आवळतो, कधी सोडतो. 'कॉफीनं रक्तवाहिन्या आकसतात' हे वाक्य 'इंदूरला पाऊस पडतो' या वाक्याइतकंच खरं आहे. कुठे, कधी, किती, हे त्यात नाही.

किती, ते सांगते. ज्यांना आधीच बीपी आहे अशा लोकांवरचे प्रयोग 2011 मध्ये एकत्र करून पाहिले गेले. एकदम 200 ते 300 मिलिग्रॅम कॅफिन दिल्यावर वरचं बीपी सरासरी 8नं आणि खालचं 6च्या आतबाहेर वाढलं. पहिल्या तासाभरात चढतं आणि निदान तीन तास टिकतं. त्याच आढाव्यात, रोज कॉफी पिण्याचा दोन आठवडे किंवा अधिक काळ पाहिलेला परिणाम मात्र बीपी वाढल्याचा नव्हता. अमेरिकेत दीड लाखावर नर्सबायकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, 2005 मध्ये तिचे निष्कर्ष आले. कॉफी आणि बीपीचा आजार यांचा संबंध सापडला नाही. कोलाचा सापडला. हे वाचून आमच्या घरातल्या फ्रिजकडे मी जरा वाकड्या नजरेनं पाहिलं होतं.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते, आणि तुम्हीही ठेवा असं सुचवते. कॉफीनं येते ती लाट, काही तासांची. बीपीचा आजार म्हणजे विहिरीच्या पाण्याची पातळी, दिवसरात्र तीच. तुमच्या घरचे लाट अडवायला निघालेत, विहीर कुणी पाहिली नाही. तुमचं खरं बीपी 148 असेल, तर कॉफी सोडून ते 120 होणार नाही. आणि हा धोका मला जास्त वाटतो, की 'कॉफी सोडली ना, मग झालं' म्हणून तुम्ही निर्धास्त राहाल.

यजमानांचाही उल्लेख करायलाच हवा, रागावू नका. दिवसाला सहा कप चहा घेतात असं तुम्हीच ओघात लिहिलंय. घरच्या उकळलेल्या चहाच्या एका कपात 30 ते 40 मिलिग्रॅम कॅफिन सहज असतं. सहा कप म्हणजे 200च्या आसपास. तुमची फेटलेली कॉफी, एक सपाट चमचा पावडर, त्यात 50-60 मिलिग्रॅम. पावडरीत चिकोरी मिसळलेली असेल तर आणखी कमी, कारण चिकोरीत कॅफिन नसतंच. तीन कपांचे झाले दीडशे ते एकशेऐंशी. किल्ली ज्यांच्या खिशात आहे त्यांच्या अंगात कॅफिन तुमच्यापेक्षा जास्त! आपल्याकडे चहा म्हणजे घरचा माणूस आणि कॉफी म्हणजे परकी, शौकाची, 'उष्ण'. निरोगी मोठ्या माणसाला दिवसभरात 400 मिलिग्रॅमपर्यंत आणि एका वेळी 200पर्यंत चालतं असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2015 मध्ये सांगितलं. गरोदर बाईला दिवसाचेच 200. तुम्ही दोघंही मर्यादेत आहात. चूक तुमचीही नव्हती आणि त्यांचीही नाही.

काढ्याबद्दल मात्र मी आवाज चढवणार आहे. जाऊबाईंचा हेतू चांगला, आलं-दालचिनीवर माझं काही म्हणणं नाही. ज्येष्ठमध आजपासून बंद. त्यातलं ग्लिसिरायझिन मूत्रपिंडातला एक एन्झाइम अडवतं. त्यामुळे शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम बाहेर टाकतं, आणि बीपी वाढतं. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळली तर बिघडत नाही, पण बीपीची शंका असलेल्या बाईनं रोज सकाळी पेलाभर काढा महिनाभर घ्यायचा हे नको. कॉफीची लाट काही तासांत ओसरते, ज्येष्ठमध रोज घेतला तर पातळीच वाढवतो. घरगुती म्हणून सौम्य आणि बाजारचं म्हणून घातक, हा हिशेब शरीराला कळत नाही.

मीठ. तुम्ही पत्रात एकदाही मिठाचं नाव काढलेलं नाही, आणि पत्र इंदूरहून आलंय! रविवारच्या त्या शिबिरानंतर सगळे पोहे खायला गेलो, असं लिहिलंय. पोह्यांवर सेव, सेवेवर जीरावण मसाला, संध्याकाळी डाळभातावर सेव, भाजीत सेव, पाहुणे आले की बशीत सेव, आणि लोणचं-पापड आपले मराठी म्हणून वेगळे. मी स्वतः इंदूरच्याच स्नेहलता गंजमध्ये वाढले, सेवेवाचून वरण जात नाही हे मला कळतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. पाकिटावर ते 'सोडियम' म्हणून लिहिलेलं असतं, 2000 मिलिग्रॅम सोडियम म्हणजे ते 5 ग्रॅम. नमकीनच्या पाकिटामागचा आकडा 100 ग्रॅमचा असतो हेही बघा, आणि मग आपण मुठीनं किती घेतो तेही. तुमच्या घरात कुलपात ठेवायचंच असेल काही, तर माझं मत सेवेच्या डब्याला. निदान पोह्यांवर, पण वरणावर नाही, एवढा तह करून बघा.

झोपेचं विचारायचं राहिलं. तिसरा कप संध्याकाळी चारला असायचा असं लिहिलंय आणि 'तीनला जाग यायची' असंही. कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. चारच्या कपातलं अर्धं रात्री नऊला अंगात असतं, पाव भाग दोन वाजता. हे प्रत्येकाचं सारखं नसतं. यकृतातल्या एका एन्झाइमवर ते ठरतं, कुणाचं भराभर उतरतं, कुणाचं रेंगाळतं. सिगारेट ओढणाऱ्यांचं लवकर उतरतं, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं जवळपास दुप्पट वेळ राहतं, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तरी रेंगाळतं. झोप रोज तुटत राहिली तर तीही बीपी वाढवते. तेव्हा चारचा कप कायमचा सुटला तर मला वाईट वाटणार नाही. लग्नसराईत रात्री साडेअकराला मशीनची फेसाळ कॉफी, वर चॉकलेटची पूड भुरभुरलेली, ती पाहुण्यांचं मन मोडू नये म्हणून घेता, तीही. आपल्या आज्या बैठकीनंतर जायफळ घातलेली दुधाळ कॉफी द्यायच्या, ती औषधापुरत्या पावडरीची असायची, तिला मी मोजत नाही.

आता करायचं काय. दंडावर बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा आहे ना, ते दुकानातच बांधून बघा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा, ज्या हाताचं जास्त येईल तो हात पुढे कायम. मग सात दिवस, सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर काहीही घेण्याआधी, मिनिटाच्या अंतरानं दोनदा, आणि तसंच संध्याकाळी जेवणाआधी दोनदा. सगळे आकडे वहीत, आवडलेले आणि न आवडलेले. पहिला दिवस सोडून बाकी सहा दिवसांची सरासरी काढा, बँकेत आहात, मी शिकवायला नको. घरच्या मोजणीत 135/85 किंवा वर सरासरी आली तर ते बीपी आहे असं धरतात. दवाखान्यात 140/90 धरतात, कारण तिथं बहुतेकांचं थोडं चढतंच.

हा आठवडा कॉफीशिवाय काढा, तसंही बंद आहे. मग वही घेऊन तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. आकडे सारखे 160/100च्या घरात येत असतील तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका. कधी 180/120च्या वर गेलं आणि छातीत दुखलं, धाप लागली, किंवा आकडा काहीही असताना तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर वही, काढा, मी, सगळं सोडून थेट मोठ्या हॉस्पिटलात. अर्धांगवायूत गुठळी विरघळवायचं औषध सहसा पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तुमच्या वडिलांच्या वेळी हे कुणी सांगितलं असेल-नसेल, म्हणून लिहून ठेवते.

कॉफीची परीक्षा त्यानंतर, डॉक्टरांना विचारून. एक दिवस सकाळी नेहमीसारखं मोजा, तुमचा नेहमीचा एक कप घ्या, मग अर्ध्या तासानं, तासानं आणि दोन तासांनी मोजा. तुम्ही महिनाभर कॉफीशिवाय आहात (गोळ्यांतलं कॅफिन सोडून), म्हणून पहिल्या दिवशी ते त्या मुलीसारखं चढेल, घाबरू नका. रोज एक कप असं आठवडाभर घेऊन परत हीच परीक्षा करा. तेव्हाही 5 ते 10नं किंवा जास्त चढत असेल, तर तुम्ही कॉफीला हळव्या आहात आणि तुमच्यापुरता व्हिडिओ खरा. काहीजण वर्षानुवर्षं पिऊनही पूर्ण सरावत नाहीत. आकडा जागेवर राहिला, तर सकाळचे एक-दोन कप पुन्हा सुरू करायला माझी हरकत नाही. मोजणीनंतर प्या, मोजणीआधी नाही. बीपीची गोळी सुरू झाली तर ती पाण्याबरोबर घ्या, कॉफीबरोबर नाही. थायरॉईडची घेत असाल तर तिच्यानंतर तासभर कॉफी नकोच.

एका गटाला मी एवढी मोकळीक देणार नाही, आणि हे तुमच्याइतकंच बाकी वाचणाऱ्यांसाठी. जपानमध्ये 18,000हून अधिक लोकांना जवळपास 19 वर्षं पाहिलं. ज्यांचं बीपी 160/100च्या वर होतं आणि जे रोज दोन किंवा अधिक कप कॉफी घ्यायचे, त्यांच्यात हृदयविकार-पक्षाघातानं मृत्यूचं प्रमाण कॉफी न पिणाऱ्यांच्या दुप्पट निघालं. एका कपाला तसं दिसलं नाही, हिरव्या चहालाही नाही. ही नोंद आहे, प्रयोग नव्हे, कॉफीनंच झालं असं त्यावरून ठरत नाही. तरी तुमची सरासरी त्या घरात निघाली तर ती उतरेपर्यंत एका कपावर थांबा. धडधड होणारे, हृदयाचे ठोके चुकणारे आणि गरोदर बायका यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि ज्यांची पोरं परीक्षेच्या रात्री एनर्जी ड्रिंकचे दोन-दोन डबे लागोपाठ पितात त्यांनी डब्यामागचा कॅफिनचा आकडा एकदा मोठ्यानं वाचून दाखवावा. पुण्याच्या चिरंजीवांनाही विचारा हो, व्हिडिओ बघताना हातात काय होतं.

कॉफी सोडायचीच असं तुम्ही मनानं ठरवलंत, आकड्यानं नाही, तरी चालेल. फक्त महिन्यापूर्वीसारखं एका रात्रीत नको. पुन्हा सुरू करून मग सोडायची वेळ आली तर दर तीन-चार दिवसांनी पावडर पाव चमचा कमी करत जा, कप तेवढाच ठेवा. डोकं कुरकुरेल, ठणकणार नाही.

"गोळी एकदा लागली की जन्माची" यावर मी थोडी भांडते. बीपीच्या गोळीची सवय लागत नाही, कॉफीची लागते तशीसुद्धा नाही. गोळी चालू राहते कारण आजार चालू असतो. वजन, मीठ, झोप, चालणं यांनी पातळी उतरली तर डॉक्टर डोस कमी करतात, क्वचित थांबवतातही. मात्र आपल्या मनानं बंद करायची नाही. वरचं बीपी 10नं उतरलं तर पक्षाघाताचा धोका जवळपास पाव हिश्श्यानं कमी होतो, हे लाखो रुग्णांवरच्या चाचण्या एकत्र करून काढलेलं उत्तर आहे. ज्या बाईनं वडिलांना 63व्या वर्षी अंथरुणाला खिळलेलं पाहिलं, तिनं गोळीला घाबरावं की गोळी न घेण्याला?

साडेपाचच्या अर्ध्या तासाबद्दल तुम्ही सगळ्यांत कमी लिहिलंय, दोनच ओळी. गॅलरीत चमच्यानं कॉफी आणि साखर फेटत बसता, रंग बदामी होईपर्यंत, समोरच्या गुलमोहरावर साळुंक्या, घर झोपलेलं. डबा गेल्यापासून तुम्ही तिथं बसतच नाही असं दिसतंय. कारण कप नाही तर बसायचं कशाला. उद्यापासून परत बसा. या आठवड्यात कपात गरम पाणी असेल, नाही तर साधं दूध. आधी मशीन, मग कप.

आणि मशीन घेतलंच आहे तर वहीत दोन रकाने आखा. दुसरा यजमानांचा. सहा कपांच्या चहावाल्यांचं बीपी शेवटचं कधी मोजलं, हे तुमच्या चार पानांत कुठंच नाही.